साठ अंशांची चूक

समभुज त्रिकोण काढायला सांगितला की नव्याने आलेलं जवळजवळ प्रत्येक मूल पडद्यावरच्या कासवाला एकच हुकूम देतं: शंभर पावलं पुढे जा, साठ अंश उजवीकडे वळ, असं तीनदा कर. साठ हा आकडा त्याने अंदाजाने घेतलेला नसतो. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे त्याने पुस्तकात वाचलेलं असतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवलेले असतात. कासव मात्र त्रिकोण काढत नाही. कुशीवर कललेल्या पालथ्या घमेल्यासारखी एक उघडी आकृती काढून ते थांबतं.

मूल एकदा पडद्याकडे बघतं, एकदा आपल्याकडे. 'कॉम्प्युटर बिघडलाय' हे पहिलं निदान. अशा वेळी उत्तर सांगून टाकायचा मोह आवरावा आणि मुलाला उठवून वर्गाच्या फरशीवर चालायला लावावं. पाच पावलं सरळ, मग वळ, पुन्हा पाच पावलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच्या पायांना जे कळतं ते पुस्तकातल्या आकृतीने कळलेलं नसतं. कोपऱ्यावर आपण वळतो तो कोन त्रिकोणाच्या आतला नसून बाहेरचा असतो. नाकासमोर चाललो असतो तर जिथे गेलो असतो, तिथपासून किती फिरलो ते मोजायचं. १८० वजा ६०, म्हणजे १२०. तीनदा १२० म्हणजे ३६०. निघालो तिथे परत, आणि तोंडही निघताना होतं त्याच दिशेला.

एवढ्यावर थांबायची गरज नसते. कुणीतरी तो चुकलेला ६० तसाच ठेवून 'तीनदा'च्या जागी 'सहादा' लिहून बघतं आणि घमेलं मिटून सुरेख षट्कोन तयार होतो. मग चौकोनाला ९०, पंचकोनाला ७२, आणि पाच टोकांची चांदणी हवी असेल तर १४४. चांदणीत कासव एकूण किती फिरलं ते मोजलं तर ७२० भरतात, म्हणजे पुऱ्या दोन फेऱ्या. असं का, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. चुकीला तांबडी फुली मिळाली असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना हा प्रसंग आधी सांगावासा वाटला, कारण पुढची सगळी पानं अशाच चुकांसाठी आहेत. मुलांना प्रोग्रॅमर करणं हा या पुस्तकाचा हेतू नाही. हुकूम लिहायची जागा, तो चालताना बघायची जागा आणि फसला तर कुठे फसला ते शोधायची जागा, या तिन्ही जिथे शेजारी-शेजारी असतात अशा सॉफ्टवेअरची ओळख शिक्षकांना आणि पालकांना करून द्यायची, एवढंच त्याला साधायचं आहे. इथे निवडलेली साधनं सगळी मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स आहेत. ही निवड पैसे वाचवण्यासाठी केलेली नाही. ती का केली, हे नीट सांगणं हेच या प्रस्तावनेचं काम.

कासवाची गोष्ट १९६७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज गावी सुरू होते. तिथल्या 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या संशोधन कंपनीत वॉली फर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा घडवली. लोगोत आरंभी कासव नव्हतंच. ग्रीकमधल्या 'शब्द' या अर्थाच्या लोगोस या शब्दावरून तिचं नाव पडलं, आणि मुलं तीत शब्दांशी व वाक्यांशी खेळत. कासव थोडं मागाहून आलं, तेही आधी पडद्यावर न येता जमिनीवर, चाकांवर सरपटणाऱ्या आणि पेनाने कागदावर रेघ ओढणाऱ्या यंत्राच्या रूपात. पुढे ते पडद्यावर चढलं.

पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. मूल ज्ञान घेत नाही, ते आपल्या मनात बांधतं, हा पियाजेंचा विचार त्यांनी उचलला आणि त्याला आपली जोड दिली: हातांनी बाहेर काहीतरी बांधत असताना मनातलं बांधकाम सर्वांत चांगलं होतं. १९८०मध्ये त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आलं. त्याची प्रस्तावना दातेरी चक्रांवर आहे. लहानपणी पॅपर्टना मोटारीतल्या दातेरी चक्रांचं वेड होतं, आणि पुढे शाळेत समीकरणं भेटली तेव्हा ती त्यांनी मनातल्या चक्रांच्या आधारे समजून घेतली. पण प्रत्येक मुलाला चक्रांचं वेड कसं असेल? कुणाला चित्रं आवडतात, कुणाला गाणी, कुणाला गोष्टी. ज्याला जे आवडेल त्याचं रूप घेऊ शकणारं एक यंत्र त्यांना संगणकात दिसलं. कासव हे त्यातलं एक रूप. मूल स्वतः कासव होऊन चालू शकतं, म्हणून त्याची भूमिती अंगात उतरते.

लोगो वापरणारी मुलं बघून अॅलन के हे तरुण संशोधक १९६८ साली भारावून गेले. संगणक खोलीएवढे असण्याच्या त्या काळात त्यांनी वहीएवढ्या, मुलांच्या हातातल्या संगणकाची कल्पना केली, तिला 'डायनाबुक' नाव दिलं आणि १९७२मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. वही बनली नाही, पण तिच्यासाठी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत 'स्मॉलटॉक' ही भाषा घडली. १९९६मध्ये तिच्यातून 'स्क्वीक' ही खुली आवृत्ती निघाली आणि स्क्वीकवर मुलांसाठी 'ईटॉइज' रचलं गेलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ठोकळे जोडून हुकूम लिहायचं 'स्क्रॅच' तयार केलं आणि २००७मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. स्क्रॅचची ती पहिली पिढी स्क्वीकमध्येच लिहिलेली होती. पुढे येन्स म्योनिख यांनी स्क्रॅचचाच सोर्स कोड घेऊन त्यात मुलांना स्वतःचे ठोकळे घडवता येतील अशी भर घातली. ब्रायन हार्वी यांच्या साथीने त्याचं 'स्नॅप' झालं, आणि ते आज बर्कली विद्यापीठात पदवीच्या मुलांनाही शिकवलं जातं.

ही वंशावळ मुद्दाम इतकी सविस्तर मांडली आहे. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचं काम उघडलं, वाचलं, बदललं आणि पुढे दिलं. कुलूप लावलेल्या सॉफ्टवेअरला असे वंशज होत नाहीत. १९८०च्या दशकात लोगोच्या कितीतरी आवृत्त्या विकल्या जात होत्या. त्यांतल्या बहुतेक ज्या यंत्रांसाठी बनल्या त्या यंत्रांबरोबरच गेल्या. उलट, हार्वी यांच्या पुढाकाराने बर्कलीत घडलेला मुक्त लोगो अजून चालतो. खुद्द स्क्रॅचलाही एक धडा मिळाला. २०१३ची त्याची दुसरी आवृत्ती अॅडोबीच्या फ्लॅश या बंद तंत्रावर उभी होती. २०२०च्या अखेरीस अॅडोबीने फ्लॅश बंद केलं. सुदैवाने त्याआधीच, जानेवारी २०१९मध्ये, फ्लॅशशिवाय ब्राउझरमध्ये चालणारी तिसरी आवृत्ती आली होती. दुसऱ्याच्या बंद पायावर घर बांधलं की तो पाया कधी काढून घेतला जाईल हे आपल्या हातात राहत नाही. शाळांनी हे लक्षात ठेवावं. शाळेचा संगणक दहा वर्षं वापरला जातो, कंपन्यांची धोरणं त्याआधीच बदलतात.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोफत आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे काय, हे तिथे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, तरी व्यवहारात आपणही गल्लत करतोच. शाळेत मुक्त सॉफ्टवेअर आलं की 'पैसे पडले नाहीत' एवढ्यावरच चर्चा संपते. खरी गंमत पुढे असते. स्क्रॅचवर कुणी टाकलेला खेळ आवडला, तर मूल त्याच्या आत जाऊन मांजर नेमकी कशाने उडी मारते हे ठोकळ्या-ठोकळ्याने बघू शकतं, आणि तोच खेळ घेऊन मांजरीच्या जागी बेडूक बसवू शकतं. याला तिथे 'रीमिक्स' म्हणतात. मूळ खेळ कुणाचा, याची नोंद आपोआप राहते. शाळेच्या भाषेत ज्याला कॉपी म्हणून मार बसला असता, ते इथे शिकण्याचं पहिलं पाऊल असतं. गवई बंदिश आधी गुरूच्या गळ्यातून घेतो, स्वतःचा विस्तार नंतर करतो. तसंच हे.

जे उघडता येतं ते कुणीतरी केलेलं आहे, आणि कुणीतरी केलेलं आहे म्हणजे ते मलाही जमू शकेल, हा विश्वास मुलाला बंद डब्यातून मिळत नाही. जुनं घड्याळ, रेडिओ किंवा सायकलचं फ्रीव्हील खोलून बसणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हातातल्या मोबाइलने ती सोय हिरावून घेतली. मुक्तस्रोत साधनं ती परत देतात.

मुक्त असण्याचा आणखी एक फायदा थेट आपल्या भाषेशी बांधलेला आहे. टाइप करून लिहायच्या बहुतेक संगणकभाषांत आज्ञा आधी येते, आकडा नंतर. इंग्रजीला ते सोयीचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपण 'पुढे जा पन्नास पावलं' असं म्हणत नाही, 'पन्नास पावलं पुढे जा' म्हणतो. जोडायच्या ठोकळ्यांत हा प्रश्न सुटतो, कारण आकड्याची खाच ठोकळ्याच्या सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी, कुठेही ठेवता येते. 'रिपीट' या ठोकळ्याचं 'चार वेळा कर' होतं आणि वाक्य मोडत नाही. अट घालायच्या ठोकळ्यात तर मराठी इंग्रजीपेक्षा सरस ठरते. इंग्रजीत 'इफ' पुरतो, 'देन' कित्येकदा गळतो. आपल्याकडे 'जर' आला की 'तर' येणारच, हे चार वर्षांच्या पोरालाही कानाने ठाऊक असतं. ठोकळ्याचा वरचा ओठ 'जर', आतला 'तर', आणि खाली 'नाहीतर'. अट पुरी होईपर्यंत काम चालू ठेवायचं असेल तर 'जोपर्यंत' आणि 'तोपर्यंत' ही जोडी हजर आहेच. व्याकरणाच्या तासाला रुक्ष वाटणारं मिश्र वाक्य इथे मुलाच्या हाताखाली हलायला लागतं. असं भाषांतर करायला, पटलं नाही तर बदलायला आणि आपल्या तालुक्याच्या बोलीत आणखी एक करायला कुणाची परवानगी लागत नाही. 'मुक्त' या शब्दाचा मराठी शाळेपुरता सर्वांत ठोस अर्थ हाच.

महाराष्ट्रात अशा मुक्त साधनांचा एक प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्याची आठवण फारशी ठेवली गेली नाही. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५मध्ये शंभर डॉलरचा लॅपटॉप प्रत्येक मुलाला देण्याची योजना जाहीर केली. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६मध्ये तिला नकार दिला. तरीही पुढच्याच वर्षी रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. भारतातला तो पहिला प्रयोग. त्या यंत्रावर 'शुगर' नावाची मुक्त प्रणाली होती, तिच्यात ईटॉइज होतं, ठोकळ्यांनी चालणारं कासव होतं, आणि चालू प्रोग्रॅमच्या आतला कोड दाखवायची सोय कळफलकावरच दिलेली होती. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी तिथल्या मुलांच्या शिकण्याचा अभ्यास केला. शहरातल्या बऱ्याच शाळांत तेव्हा 'संगणकाचे भाग किती व कोणते' हे पाठ करून घेतलं जात होतं. त्याच वेळी डोंगरातल्या या वाडीवरच्या मुलांच्या हातात असं यंत्र होतं की ज्याचं आतलं बघायची मुभा होती.

यावरून लगेच हुरळून जाऊ नये. याच लॅपटॉपच्या पेरू देशातल्या मोठ्या योजनेची तपासणी झाली. ३१९ ग्रामीण शाळांतल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२मध्ये आले. गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडलेला नव्हता. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांना योजना आखायची कामं देऊन पाहिली. न शिकलेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांनी त्यावर उलट सवाल केला होता. लाकडाचं घर पडलं तर लाकूड वाईट, असं आपण म्हणतो का? हातोडी आणि करवत चांगलं फर्निचर घडवतात का, की सुतार घडवतो? उत्तर चतुर आहे, आणि बऱ्याच अंशी खरंही. पण त्यातून एक जबाबदारी अंगावर येते. सुतार नेमायचा, त्याला वेळ द्यायचा आणि त्याचा हात बसेपर्यंत थांबायचं. लॅपटॉपच्या योजनांनी खोकी पोचवली, हे काम मात्र पुष्कळदा वाऱ्यावर सोडलं.

केरळने ते उलट्या क्रमाने केलं. सरकारी शाळांसाठी लिनक्स या मुक्त प्रणालीची स्वतःची आवृत्ती, मल्याळम पाठ्यपुस्तकं, त्यांत स्क्रॅच, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांचं सलग प्रशिक्षण, असं वर्षानुवर्षं चाललं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत 'कंप्युटर मस्ती' नावाची, कुणालाही वापरता येतील अशा परवान्याखालची शालेय पुस्तकं तयार झाली आणि त्यांत स्क्रॅच आलं. गोव्याने २०२१मध्ये शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची योजना सुरू केली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. त्याच वर्षी टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांना लाखोंच्या पगाराची स्वप्नं दाखवणाऱ्या जाहिरातींनी पालकांना घाबरवून सोडलं. त्या गलक्यात कोडिंग म्हणजे आणखी एक शिकवणी, अशी समजूत पक्की झाली. हे पुस्तक त्या रांगेत उभं नाही.

अलीकडे एक नवा प्रश्न येतो. मराठीत एक वाक्य टाकलं की यंत्र आता आख्खा प्रोग्रॅम लिहून देतं, मग मुलांनी हे ठोकळे का जोडायचे? प्रोग्रॅम मिळवणं एवढंच ध्येय असेल तर खरंच जोडू नयेत. पण यंत्राला विचारलं तर ते थेट १२० सांगेल. घमेलं दिसणार नाही, फरशीवर चालावं लागणार नाही आणि षट्कोन सापडायचा राहून जाईल. उत्तर हाती येईल, पण ६० का नाही, हा प्रश्न मुलाला कधी पडणारच नाही.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल दोन-चार गोष्टी. पहिले काही पाठ संगणकाशिवाय आहेत. अंगण, खडू आणि आज्ञा पाळणारा एक मित्र एवढ्यावर ते होतात. वीज नसेल, प्रयोगशाळेची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असेल, तरी ते अडत नाहीत. परवाना कितीही मुक्त असला तरी खोलीचं कुलूप तो उघडू शकत नाही, हे लेखकांनी ओळखलेलं दिसतं. पुढचे पाठ 'टर्टल ब्लॉक्स' आणि स्क्रॅच या दोन साधनांत आहेत. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, आणि इंटरनेट नसलेल्या संगणकावरही बसवता येतात. एका संगणकाशी दोघं किंवा तिघं बसवावीत. संगणक कमी म्हणून केलेली ही तडजोड शिकण्याला पोषकच ठरते, कारण शेजारच्याला समजावताना आपल्या मनातला गोंधळ उघडा पडतो. फक्त कळफलक एकाच्याच ताब्यात राहणार नाही हे पाहावं. तो बहुधा मुलग्याच्या ताब्यात राहतो, हेही लक्षात ठेवावं.

पाठांच्या शेवटी उत्तरं दिलेली नाहीत. काही शिक्षकांना ते खटकेल. त्यांना सुचवावंसं वाटतं की पाठ घेण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतः बसून तो करून बघावा, आणि आपलं जिथे चुकलं तिथे पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या दिवशी मुलं बहुतेक तिथेच अडतात. आणि ती अडली की हात पाठीमागे बांधून उभं राहावं. माऊस मुलाच्या हातातून काढून घेऊन 'हे बघ, असं' म्हणणं फार सोपं असतं. चांगले शिक्षकच त्याला जास्त बळी पडतात.

या पुस्तकाचा परवानाही आतल्या साधनांसारखाच मोकळा ठेवला आहे. उदाहरणं बदला, तुमच्या गावच्या जत्रेतला पाळणा त्यात आणा, ठिपक्यांच्या रांगोळ्या आणा, मालवणीत किंवा अहिराणीत करा. एक गोष्ट मात्र बदलू नका, ही विनंती. पहिल्या पाठात त्रिकोण आहे, आणि तिथे १२० हा आकडा कुठेही छापलेला नाही. ती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे.